दहा हजार छत्र्या, दोनशे नमुने: माल जहाजावर चढण्याआधीची तपासणी

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवलाय, अडखळणं आणि तेच तेच बोलणं तेवढं काढून टाकलंय.)

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बी.टेक. झालो आणि पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागलो. आमचं सॉफ्टवेअर वापरतात ते माल तपासणारे लोक. म्हणजे चीनमधल्या एखाद्या कारखान्यात तपासनीस उभा असतो, तो फोनवर नोंदी करतो, फोटो काढतो, आणि संध्याकाळपर्यंत इथे भारतात माल मागवणाऱ्याच्या हातात अहवाल पडतो. मी स्वतः त्या कारखान्यांत कधी पाऊल टाकलेलं नाही. पण अहवाल मात्र शेकड्यांनी वाचलेत. बग शोधायला म्हणून वाचायला लागलो आणि मग त्यातच रमलो.

आज त्याबद्दलच बोलायचंय. परदेशातून तयार माल मागवताना तो जहाजावर चढण्याआधी जी तपासणी होते, ती नेमकी कशी होते? आणि अहवालावर ‘पास’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय घ्यायचा? कारण माझा अनुभव असा, की हा एक शब्द जवळजवळ सगळेच चुकीचा वाचतात.

उदाहरण छत्रीचं घेऊ. चीनच्या झेजियांग प्रांतात, शाओशिंगच्या शांग्यू भागात सोंगशिया नावाचं गाव आहे. छत्र्यांचं गाव म्हणूनच ते ओळखलं जातं. कुणी काड्या बनवतं, कुणी मुठी, कुणी कापड शिवतं, कुणी सगळं जोडतं. निंगबो बंदर तिथून जवळ. तिथून माल निघाला की समुद्रमार्गे साधारण तीनेक आठवड्यांत न्हावा शेवाला लागतो.

तपासणी कधी करायची?

आधी पैशांचं गणित बघा. या धंद्यातली रूढ पद्धत म्हणजे ऑर्डर देताना ३० टक्के आणि माल तयार झाल्यावर उरलेले ७० टक्के. समजा छत्री २ डॉलरला पडते आणि तुम्ही १०,००० छत्र्या मागवल्या. एकूण २०,००० डॉलर. त्यातले ६,००० देऊन झाले, १४,००० द्यायचे आहेत. हे १४,००० जोवर तुमच्या खात्यात आहेत, तोवर कारखानदार तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलतो.

ते दिल्यावर आणि कंटेनर निघाल्यावर चित्र पार बदलतं. न्हावा शेवाला माल आला की सीमाशुल्क भरा. छत्रीवर २०२२ च्या अर्थसंकल्पात ते २० टक्के केलं गेलं. त्यावर आयजीएसटी. मग भिवंडीच्या गोदामापर्यंतचं भाडं. छत्री उघडतेय की नाही हे कस्टमवाला विचारत नाही, मोडक्या छत्रीलाही तेवढंच शुल्क. आणि गोदामात खोकी फोडल्यावर गडबड दिसली तर? माल परत पाठवायचा खर्च मालाच्या किमतीच्या मानाने इतका होतो, की परत कुणी पाठवतच नाही. तो माल इथेच, पडेल त्या भावाने विकला जातो.

म्हणून तपासणीची योग्य वेळ एकच. सगळा माल तयार झालाय, निदान ८० टक्के खोक्यांत भरून झालाय, आणि उरलेले पैसे अजून दिलेले नाहीत. त्याआधी गेलात तर मागाहून बनणारा माल तुम्ही बघितलेलाच नसतो. त्यानंतर गेलात तर बघून उपयोग नसतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात निदान चुकीचं रिलीज मागे तरी घेता येतं. कंटेनर मागे घेता येत नाही.

खर्च किती? चीनमध्ये एका तपासनिसाचा एक दिवस, ढोबळमानाने दोनशे ते साडेतीनशे डॉलर. वरच्या ऑर्डरच्या दीड टक्क्याच्या आसपास.

दोनशेच का?

एका दिवसात एक माणूस १०,००० छत्र्या उघडून बघू शकत नाही. मग आपली आजी जे करायची तेच तो करतो. शितावरून भाताची परीक्षा. पण त्यात दोन प्रश्न असतात. किती शितं, आणि पातेलं ढवळलंय का?

किती शितं हे एका तक्त्यावरून ठरतं. बेल लॅबमधल्या हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी नमुना तपासणीचं गणित मांडलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला दारूगोळ्यापासून बुटांपर्यंत सगळं अफाट प्रमाणात घ्यायचं होतं, तेव्हा हे तक्ते कामाला आले. १९५० मध्ये त्यांचं लष्करी मानक झालं. आज जगभर जे वापरतात ते आयएसओ २८५९-१ त्याच घराण्यातलं. आपल्या भारतीय मानक ब्युरोने तेच आयएस २५०० भाग १ म्हणून स्वीकारलंय.

तक्ता सांगतो, की माल ३,२०१ ते १०,००० नगांच्या दरम्यान असेल आणि तपासणीची नेहमीची पातळी असेल, तर २०० नग बघा. माल ५०१ ते १,२०० असेल तर ८० बघा. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे सर्रास म्हणतात, ‘दहा टक्के खोकी उघडून बघ.’ १०,००० चे दहा टक्के म्हणजे १,०००, एवढ्यांची गरज नाही. आणि १०० चे दहा टक्के म्हणजे १०, त्यातून काहीच कळत नाही. नमुन्याची ताकद तो एकूण मालाच्या किती टक्के आहे यापेक्षा तो मुळात किती नगांचा आहे यावर असते. पातेलं छोटं म्हणून अर्धं शीत चाखून चालत नाही.

मग ढवळायचं कसं? १०,००० छत्र्या, एका खोक्यात ६०, म्हणजे १६७ खोकी. रूढ पद्धत अशी, की खोक्यांच्या संख्येचं वर्गमूळ घ्यायचं. साधारण १३ खोकी. ती तपासनिसाने स्वतः निवडायची. ढिगाच्या तळातली, मागच्या रांगेतली, भिंतीला टेकलेली. कारखान्याच्या माणसाने पुढे करून ठेवलेली खोकी घेतली तर ती तपासणी नव्हेच, तो पाहुणचार. त्या १३ खोक्यांतून मिळून २०० छत्र्या बाहेर काढायच्या.

दोष म्हणजे काय?

दोषांचे तीन वर्ग करतात. पहिला घातक. छत्रीच्या काडीचं उघडं, टोकदार टोक, जे लहान मुलाच्या डोळ्यात जाऊ शकतं. असा एक जरी सापडला तरी माल नापास. दुसरा मोठा. छत्री उघडत नाही, काडी तुटलीय, शिवणीतून पाणी गळतंय. गिऱ्हाईक दुकानात परत येईल असा दोष. तिसरा किरकोळ. दोरा लोंबतोय, मुठीवर बारीक ओरखडा आहे.

मोठ्या दोषांसाठी बहुतेक लोक २.५ ची मर्यादा ठेवतात, किरकोळसाठी ४. तक्ता सांगतो, की २०० नगांत मोठे दोष १० पर्यंत असले तर माल स्वीकारा, ११ झाले की नाकारा. किरकोळ १४ पर्यंत चालतील, १५ नाही.

आता २०० चे अडीच टक्के म्हणजे ५ होतात, मग १० पर्यंत सूट कशी? मलाही हा प्रश्न पडला होता. उत्तर असं, की ज्याच्या मालात खरोखर अडीचच टक्के दोष आहेत, त्याच्या २०० छत्र्या उचलल्या तर नेमक्या ५ सदोष निघतील असं नसतं. कधी ३ निघतील, कधी ८. अशा कारखानदाराला निव्वळ नशिबाने नापास करायचं नाही, म्हणून ही सूट. सूट मिळते ती विकणाऱ्याला, आणि तिची किंमत मोजतो घेणारा.

किती मोजतो, ते बघायला मी पायथनमध्ये वीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. मालात खरे दोष अडीच टक्के असतील तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव वेळा माल पास होतो. ठीक. दोष ५ टक्के असतील, म्हणजे ठरल्याच्या दुप्पट, तरी शंभरातल्या ५८ वेळा पास! ८ टक्के असतील तर सात-आठ वेळा. १० टक्क्यांना एखाद्याच वेळी. म्हणजे ही चाळणी भयंकर माल अडवते, चांगला माल सोडते, आणि मधल्या बेताच्या मालाच्या बाबतीत जवळजवळ नाणेफेक करते.

दादरच्या काकांची गोष्ट

माझ्या ओळखीचे एक होलसेलवाले आहेत दादरला. नाव सांगत नाही, काका म्हणतो मी त्यांना. दर वर्षी छत्र्या मागवतात. एका वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा १०,००० छत्र्यांचा माल तयार झाला आणि तपासणीत २०० पैकी १७ मोठे दोष निघाले. नापास. त्यातले १४ एकच होते. काडीच्या टोकाला कापड जिथे टाक्याने बांधतात, तो टाका छत्री चार-पाच वेळा उघडली की सुटत होता.

साडेआठ टक्के. म्हणजे अंदाजे साडेआठशे छत्र्या. काकांनी हा आकडा लगेच माणसांत मांडला. म्हणाले, ‘अरे, म्हणजे साडेआठशे माणसं भर पावसात मला शिव्या देणार.’

कारखानदाराचा निरोप आला: आता बोट पकडू द्या, पुढच्या ऑर्डरला ५ टक्के सूट देतो. काकांची खरी कोंडी इथे होती. छत्रीचा होलसेल धंदा मे महिन्यातला. मुंबईत पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि किरकोळ दुकानदार त्याच्या आधी माल भरून ठेवतो. माल पंधरा दिवस उशिरा आला तर अर्धी गिऱ्हाइकं दुसरीकडून घेणार. सदोष माल वेळेवर, की बरा माल उशिरा?

मी त्यांना फक्त एकच गोष्ट दाखवली. १७ पैकी १३ छत्र्या चारच खोक्यांतल्या होत्या आणि त्या खोक्यांचे क्रमांक लागोपाठचे होते. म्हणजे शिलाईच्या एखाद्या गटात गडबड झाली असणार. सगळा माल उसवायची गरज नव्हती, पण प्रत्येक छत्रीचं प्रत्येक टोक बघायची होती. काकांनी कारखान्याला सांगितलं, सगळी खोकी उघडा, टोकं तपासा, सुटणारी पुन्हा शिवा, फेरतपासणीचा खर्च तुमचा. हे सांगता आलं कारण ऑर्डरच्या कागदावर ती अट आधीच लिहिलेली होती, आणि ७० टक्के रक्कम दादरच्या बँकेत होती.

आठ दिवस गेले. फेरतपासणीत मोठे दोष ६ निघाले. पास. माल मेच्या शेवटच्या आठवड्यात भिवंडीला उतरला. उशिराचं नुकसान झालंच, दोन-तीन जुन्या दुकानदारांनी त्या वर्षी माल घेतला नाही.

अहवाल हातात घेऊन काकांनी मला विचारलं, ‘पास म्हणजे आता सगळ्या छत्र्या चांगल्या ना रे?’

‘नाही, काका. २०० मध्ये ६ म्हणजे तीन टक्के. अंदाजाने अजून तीनशे छत्र्या तशा असतील. थोड्या कमी, थोड्या जास्त.’

‘मग पैसे कशाचे दिले आपण?’

‘साडेआठशेच्या तीनशे झाल्या त्याचे. आणि तीनशे आहेत हे आधी कळलं त्याचेही.’

काका जरा वेळ गप्प बसले. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. कारखान्याकडून त्याच मालाबरोबर जादा काड्या आणि टोकाच्या टोप्या मागवून घेतल्या. आणि दुकानदारांना सांगितलं, की टोक सुटलेली छत्री परत आणा, आम्ही दुरुस्त करून देऊ. दादरला पावसाळ्यात छत्री दुरुस्त करणारा एक माणूस त्यांनी तीन महिने बसवला. ‘पास’चा अर्थ बरोबर वाचला की माणूस असं काहीतरी करतो. पास म्हणजे दोष तुम्ही सोसू शकाल इतके कमी असावेत, असा पुरावा. दोष नाहीत असा दाखला नव्हे.

जिथे ही पद्धत तोकडी पडते

आता याचीच दुसरी, जास्त गंभीर बाजू. समजा १०,००० छत्र्यांत १० छत्र्यांची टोकं घातक आहेत. हजारात एक. तुम्ही २०० बघताय. त्यातली एक तरी तुमच्या हाती लागायची शक्यता किती? साधारण १८ टक्के. म्हणजे शंभरातल्या ८२ वेळा तपासनीस प्रामाणिकपणे, नीट काम करूनसुद्धा लिहिणार, ‘घातक दोष: शून्य.’

छत्रीच्या ठिकाणी मोबाइलचा चार्जर ठेवा, किंवा बॅटरीचं खेळणं ठेवा, ज्याची बॅटरी बाहेर निघून तान्ह्या बाळाच्या तोंडात जाऊ शकते. तिथे शून्य लिहिलेलं वाचून निर्धास्त झोपता येत नाही. तो धोका डिझाइनमध्येच, कच्च्या मालात आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतच अडवावा लागतो. म्हणूनच कायदा अशा वस्तूंना वेगळं वागवतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतात आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, देशात बनलेली असोत की बाहेरून आलेली. मोबाइल चार्जर, पॉवर बँक यांना मानक ब्युरोची नोंदणी लागते. जहाजावर चढण्याआधीची तपासणी याची जागा घेऊ शकत नाही. ती याच्या जोडीला असते.

आणि माणसाचा प्रश्न राहतोच. तपासनिसाला जेवायला नेणं, गाडीने सोडणं, पाकीट पुढे करणं हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सॉफ्टवेअरने थोडं अडतं. फोटोवर वेळ आणि जागा आपोआप पडते, निवडलेल्या खोक्यांचे क्रमांक आधी नोंदवावे लागतात, एका कारखान्यात दर वेळी वेगळा माणूस जातो. पण मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो म्हणून सांगतो, फोटो खरा असला म्हणजे तपासणी खरी झाली असं होत नाही. १५ छत्र्यांचे सुंदर फोटो काढून १८५ न उघडता संध्याकाळी घरी जाता येतं.

मग करायचं काय?

बरेच ऐकणारे छोटे व्यापारी आहेत, कुणी ऑनलाइन विकतात, म्हणून कामाच्या गोष्टी सांगतो.

एक, कागद आधी. तपासनीस तुमच्या मनातली छत्री ओळखत नाही. ‘शिलाई चांगली हवी’ असं लिहिलंत तर त्याला ती चांगलीच दिसेल. ‘प्रत्येक टोकाला किमान चार टाके, छत्री ५० वेळा उघडून मिटल्यावर एकही सुटता कामा नये’ असं लिहा. कापड कुठलं, काडी पोलादाची की फायबरग्लासची, जाडी किती मिलिमीटर, रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर उतरतो का, सगळं आकड्यांत. जे लिहिलेलं नाही ते तपासलं जात नाही.

दोन, मंजूर नमुन्याचे दोन नग ठेवा, दोन्हींवर सही-शिक्का. एक तुमच्याकडे, एक कारखान्यात सीलबंद. वाद झाला की दोन्ही शेजारी ठेवायचे.

तीन, लेबल. पॅकबंद मालाचे २०११ चे वैधमापनाचे नियम आहेत. आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क. बारकोड स्कॅन करून बघायला सांगा. छत्री उत्तम आणि लेबल चुकीचं, म्हणून अडकलेला माल मी अहवालांत वाचलाय. आणि खोकं आपटून बघायला सांगा. एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू, अशी दहा वेळा. हमाल यापेक्षा प्रेमाने वागणार नाही.

चार, नापास झालं तर काय, हे ऑर्डरमध्येच लिहा. छाननी कोण करणार, फेरतपासणीचा खर्च कोणाचा, उशीर झाला तर काय. नापास झाल्यावर हे बोलायला बसलात तर उशीर झालेला असतो.

पाच, कॅलेंडर. फेरतपासणीचे पंधरा दिवस सुरुवातीलाच धरून चाला. ज्याच्याकडे हे दिवस नसतात, त्याच्यासाठी नापासचा अहवाल नुसता कागद असतो. माल खराब आहे हे त्याला कळतं, पण ‘थांबवा’ म्हणता येत नाही. काकांनी पुढच्या वर्षी फक्त एवढाच बदल केला. ऑर्डर तीन आठवडे आधी दिली.

आणि अहवाल आल्यावर पहिल्या पानावरचा हिरवा शिक्का बघून थांबू नका. किती नग बघितले, किती सदोष निघाले, कुठल्या खोक्यांत निघाले, हे तीन आकडे शोधा. एकूण मालात तसे किती असतील याचा गुणाकार करा. तेवढी गिऱ्हाइकं तुम्ही सांभाळू शकता का, हे स्वतःला विचारा. तपासनीस फक्त काय दिसलं ते लिहितो. निर्णय तुमचा असतो, आणि तो तुम्ही घ्यायचा ७० टक्के पाठवायच्या आधी.

आजच्या भागात एवढंच. तुमच्याकडे असा एखादा अहवाल असेल आणि त्यातलं काही कळत नसेल, तर प्रश्न जरूर पाठवा, नावं-गावं काढून पुढच्या भागात घेऊ.